घेर

माझे स्कर्ट मी घरीच शिवते. दुकानातला स्कर्ट कमरेला बसला तर खाली आवळतो, आणि खाली मोकळा असला तर कमरेवरून घसरतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर पेशंटच्या पायांशी उकिडवं बसायचं, त्यांचे गुडघे वाकवायचे, घोटे फिरवायचे आणि मग उठून त्यांच्याबरोबर हॉस्पिटलच्या लांब कॉरिडॉरमधून चालायचं. पँट घातलीस तर हे सगळं सोपं जाईल, असं मला बऱ्याच जणांनी सांगून पाहिलं. पण मला स्कर्ट आवडतात, आणि आवडीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

शिवायला शिकवलं ताईने. तिचा हात सुटा होता. कापड पसरलं, नजर टाकली की कातर चालायला लागायची. मी मात्र खडूची रेघ जरा जाड आली तरी पुसून पुन्हा मारायची, म्हणून तिने माझं नाव फूटपट्टी ठेवलं. "फूटपट्टी, कापड आहे ते. पूल नाही बांधायचाय आपल्याला," ती म्हणायची. तिचा स्वतःचा नियम एकच, पण त्यात सवलत नव्हती. स्कर्ट आरशासमोर उभं राहून बघायचा नाही. घालायचा आणि खोलीभर लांब ढांगा टाकत चालायचं. कुठे ओढ बसली तर टीप उसवून घेर वाढवायचा. तळाची कड घोट्याच्या चांगली वर हवी. ज्या कपड्यात पळता येत नाही तो अंगात घालायचाच कशाला, असं तिचं म्हणणं होतं.

ती स्वतः चालायची भराभर. तिच्याबरोबर बाजारात गेलं की मला अर्धा रस्ता धावतच काढावा लागायचा.

ताई गेली ती तिच्याच घराच्या जिन्यावरून पडून. सकाळची वेळ होती. स्वच्छ ऊन होतं, जिना कोरडा होता.

"स्कर्टात पाय अडकला तिचा," भावजी म्हणाले. भावजी म्हणजे ताईचा नवरा. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं आणि सांगता सांगता त्याला एक चाल आली. आधी सुस्कारा, मग कपाळावरून हात, मग ते थकलेलं हसू. "किती वेळा म्हटलं, दुकानातून घे. घरी शिवलेलं ते, कमीजास्त होणारच. पण ऐकेल तर शपथ." लोक माना हलवायचे. बायका माझ्या स्कर्टाकडे बघून नजर फिरवायच्या.

ताईच्या अंगावरचे कपडे हॉस्पिटलने प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिले होते. तो स्कर्ट मी खिडकीशी नेऊन उलटसुलट करून पाहिला. तळाची दुमड जशीच्या तशी होती, एक टाका निघालेला नव्हता. पाय अडकून माणूस पडतं तेव्हा सगळ्यांत आधी ती दुमड उसवते. इथे उसवला होता तो कमरेचा पट्टा, तोही मागच्या बाजूने. हूक कापडासकट उपटून आला होता आणि पट्ट्यावर मुठीत धरल्यासारख्या चुण्या होत्या.

मी तो पोलिसांकडे घेऊन गेले. तिथल्या अधिकाऱ्याला हेही सांगितलं, की आदल्या संध्याकाळी ताईचा फोन आला होता. तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती, तिथे खोलीही बघून झाली होती. "उद्या सांगते त्याला," ती म्हणाली होती, आणि हसली होती.

अधिकारी भला माणूस होता. त्याने स्कर्ट हातात घेऊन पाहिला. "वाचवायला म्हणून धरलं असेल हो नवऱ्याने. तुमचं दुःख मी समजू शकतो," असं म्हणून त्याने मला पाणी दिलं.

पुढच्या वेळी भावजींच्या सांगण्यात नवा भाग आला. "मी धरायला गेलो, पण हातातून निसटली." पहिल्या दिवशी मात्र त्यांनी मला सांगितलं होतं, की ते बाथरूममध्ये दाढी करत होते आणि आवाज ऐकून बाहेर आले. मी दोन्ही गोष्टी शब्दशः लक्षात ठेवल्या. त्यापलीकडे काही करणं माझ्या हातात नव्हतं.

"जाऊ दे आता," आई म्हणायची. आम्ही दोघी एकत्र राहतो. दर रविवारी जेवण आटोपलं की ती डब्यात सूप भरून भावजींकडे जायची, संध्याकाळी परत यायची. "एकटा आहे तो," एवढंच म्हणायची. त्या दिवसांत मला भावजींच्या खालोखाल कुणाचा राग आला असेल तर तो आईचा.

काही आठवड्यांनी भावजींनी टेम्पोतून ताईचं शिलाई मशीन पाठवून दिलं. बरोबर कापडाचा एक मोठा तागा होता, तिने नुकताच आणलेला. फोनवर म्हणाले, "तुझ्या उपयोगाचं आहे. मला काय, अडगळ नुसती." मी थँक्यू म्हटलं.

कापड जाड, करड्या रंगाचं होतं. उजेडात त्यात निळी झाक दिसायची. मी ते नाकाशी नेलं. ताईचा वास येईल अशी वेडी आशा असावी. त्याला कसलाच वास नव्हता. कोऱ्या कापडाला खळीचा वास असतो, तोसुद्धा नव्हता.

रविवारी आई गेल्यावर मी ते जेवणाच्या टेबलावर पसरलं. कटिंगचे माझे कागद ठरलेले आहेत. त्यांवरून मी कितीतरी स्कर्ट शिवले आहेत, सगळे खाली ऐसपैस. कागद ठेवले, टाचण्या लावल्या, खडू फिरवला, कापलं. ताईच्या मशीनवर पहिल्यांदाच बसत होते. त्याची जुनी खोड मला माहीत होती. टीप सरळ यायची, पण मधूनच एखादा टाका आखूड पडायचा, जणू मशीनने आवंढा गिळलाय. उन्हं कलायच्या आत स्कर्ट तयार झाला.

घातला आणि ताईच्या नियमाप्रमाणे ढांग टाकली. पाऊल अर्ध्यातच अडलं. टेबलाची कड धरली म्हणून वाचले.

आधी वाटलं, टीप चुकीच्या रेघेवर मारली. सगळा उसवला. सुटे तुकडे कागदांवर ठेवून पाहिले तर कडेला कड जुळत होती. मग कापड आटलं असेल म्हणून एक पट्टी कापून गरम पाण्यात उकळली, वाळवली, इस्त्री केली, मोजली. होती तेवढीच होती. पुन्हा शिवला. या वेळी घेर आधीपेक्षा कमी भरला. गुडघ्याखाली तर तो पायांना लपेटूनच बसला.

कापडात तिरकी ओढ असेल, असं मी स्वतःला समजावलं. ते खरं नव्हे हे मला कळत होतं. पण दुसरं काय म्हणणार? स्कर्ट दाराच्या खिळ्याला लटकवून ठेवला.

आई परत आली. चपला काढता काढता म्हणाली, "त्याच्या पायाला काहीतरी झालंय म्हणे. ढांग पडत नाही त्याची. दारापर्यंत सोडायला आला तो कसा, बोटभर बोटभर पावलं टाकत."

"वय झालं," मी म्हटलं.

"चाळिशीत?" आई म्हणाली. दाराला टांगलेल्या स्कर्टाशी ती जरा थांबली, त्याच्या तळाला दोन बोटं लावली आणि स्वयंपाकघरात गेली.

*

भावजी माझ्याकडे आले ते हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. एक्स-रे स्वच्छ, नसा स्वच्छ, रक्त स्वच्छ. "काही सापडत नाही म्हणतात. आता तूच बघ बाई, फूटपट्टी," ते म्हणाले.

हे नाव त्यांनी ताईकडून उचललं होतं. ती असताना ते मला कधी या नावाने हाक मारत नसत.

मी त्यांना कॉटवर झोपवलं. झोपलेले असताना पाय मोकळे होते. मांड्या उघडत होत्या, गुडघे वाकत होते, ताकद उत्तम. उभं केलं आणि चाला म्हटलं. त्यांनी उजवं पाऊल उचललं. ते डाव्या अंगठ्याच्या जरासं पुढे गेलं आणि हवेतच थांबलं. स्नायू थरथरत होते, पाय पुढे जायची धडपड करत होता आणि जात नव्हता. मी इतकी वर्षं पाय बघतेय. न चालणारा पाय कसा दिसतो ते मला ठाऊक आहे. हा तसा नव्हता. याला काहीतरी अडवत होतं.

"कसं वाटतं नक्की?"

"कुणी तरी..." ते हसले. "जाऊ दे, हसशील."

"सांगा ना."

"कुणी तरी चादर गुंडाळल्यासारखं. घट्ट."

मी त्यांची पँट गुडघ्यापर्यंत वर केली. दोन्ही पोटऱ्यांवर, बाहेरच्या अंगाला, वरून खाली गेलेली एक पुसट रेघ होती. मोज्याचं इलॅस्टिक उतरवल्यावर कातडीवर वळ राहतो, तसली. दिवा जवळ ओढून पाहिलं. ती रेघ सलग नव्हती. बारीक बारीक खळगे होते, ओळीने, एका मापाचे. मधूनच एखादा आखूड.

मी पँट खाली केली.

"काय गं?"

"काही नाही. मोज्यांचा वळ आहे," मी म्हटलं, आणि पुढच्या मंगळवारी यायला सांगितलं.

*

ज्याला पुरावा नाही ते मी मानत नाही. म्हणून मी पुरावा गोळा करायला बसले.

रविवारी, आई सूप घेऊन गेल्यावर, मी स्कर्ट खिळ्यावरून काढला आणि एका बाजूची टीप वरपासून खालपर्यंत उसवली. दोरे वेचून टाकले. चहा ठेवला. चहा गाळत होते तेवढ्यात फोन वाजला.

"फूटपट्टी!" भावजींना धाप लागली होती. "अगं, सुटले पाय! आत्ता, सूप पिता पिता. अंगणात तीन फेऱ्या मारल्या मी. धावलो! आईंना विचार, या बघ, समोर उभ्या आहेत. काय जादू केलीस गं तू?"

"व्यायामाचा गुण," मी म्हटलं.

"तुझ्या ताईला सांगायला हवं होतं, बहीण काय चीज आहे ते." ते खळखळून हसले. मागे कप-बशीचा आवाज येत होता. "स्वभाव मात्र तुझा बरा आहे हो तिच्यापेक्षा. तू एका जागी बसतेस तरी."

फोन ठेवून मी चहा प्यायले. सावकाश, सगळा. मग मशीनचं झाकण काढलं आणि उसवलेली टीप पुन्हा मारली, आधीच्या रेघेच्या बोटभर आत.

फोन परत वाजला नाही. संध्याकाळी आई आली आणि थेट डबा घासायला बसली.

त्यानंतर मी दर रविवारी शिवत गेले. तागा मोठा होता. नवा स्कर्ट आधीच्यापेक्षा अरुंद शिवायचा. मी शिवला त्याहूनही तो अरुंद निघायचा, जणू माझ्या हातावर आणखी एक हात होता आणि त्याला घाई होती. आता मला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर दुपार कधी होते याची मी वाट बघायची. मशीनचा आवाज, खिडकीतून येणारं ऊन, कापडावरून सरकणारी माझी बोटं. ताई गेल्यापासून घरात मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

मंगळवारी भावजी यायचे. मी त्यांची पावलं टेपने मोजायची, कागदावर लिहायची, मान हलवायची. आधी ते काठी घेऊन आले, मग वॉकर घेऊन. ऑफिस सुटलं. जिना चढणं सुटलं, त्यांनी पलंग खालच्या खोलीत आणवला. माझे सहकारी म्हणायचे, मेहुणा आहे म्हणून किती जीव लावतेस. मी म्हणायची, आपलंच माणूस ना.

पण एका सोमवारी कॉरिडॉरमधून जाताना एक म्हातारी दिसली. पडल्यावर महिनाभराने ती पहिली मोकळी ढांग टाकत होती आणि लहान मुलीसारखी हसत होती. मी भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राहिले. माझं काम हे आहे. ते दुसरं नव्हे.

त्या रात्री मी ठरवून टाकलं. त्यांना एकदा विचारायचं. खरं सांगितलं तर घरी जाऊन सगळे स्कर्ट उसवायचे, आणि पुढचं पोलिसांवर सोडायचं. टाके उसवायची कात्री मी पर्समध्येच टाकली.

*

मंगळवारी खोलीत आम्ही दोघंच होतो. भावजी चालायच्या सरावाच्या दोन दांड्यांमध्ये उभे होते, हात घट्ट आवळून. चेहरा उतरला होता.

"भावजी, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी जिन्यावर काय झालं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. बाहेर कुणी तरी स्ट्रेचर ढकलत नेलं.

"फार भराभर चालायची ती," ते म्हणाले.

मी पर्समध्ये हात घातला.

"मी थांब म्हटलं होतं तिला. दोनदा म्हटलं. माणूस थांब म्हणतंय तर थांबावं ना? पाठ फिरवून निघालीच." त्यांची बोटं दांडीवर उघडली आणि मिटली. मूठ झाली. त्या मुठीकडे आम्ही दोघांनीही पाहिलं.

"मग?"

पर्समध्ये माझा हात कात्रीवर होता.

भावजींनी सुस्कारा टाकला. कपाळावरून हात फिरवला. मग ते थकलेलं हसू आलं.

"मग काय. स्कर्टात पाय अडकला. घरी शिवलेलं ते."

मी हात पर्समधून बाहेर काढला.

"चला," मी म्हटलं. "या टोकापर्यंत चालून दाखवा."

ते चालू शकले नाहीत.

*

रविवारी मी शेवटचं कापड काढलं. कागद घेतले नाहीत. खडू घेतला नाही. कातर आपोआप चालली.

दोन्ही बाजू शिवल्या. चेन लावली नाही, कमरेचा पट्टा लावला नाही.

मग तळ जुळवला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग टीप मारली.

पुन्हा उलट फिरून आणखी एक.

दोरा दाताने तोडला.

मशीन थांबल्यावर घरात इतकं शांत झालं, की खालच्या रस्त्यावरचं बोलणं ऐकू येऊ लागलं. स्कर्ट मी मांडीवर घेऊन बसले. आता त्याला स्कर्ट म्हणायचं तरी कसं? पिशवी होती ती. लांब, अरुंद, बुडाला बंद.

त्याच दुपारी भावजी खुर्चीतून उठायला गेले आणि पडले. आईने शेजाऱ्यांना हाक मारली, त्यांनी उचललं.

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत, मीच गेले. ते पांघरुणाखाली उताणे पडले होते. मी पांघरूण बाजूला केलं. दोन्ही पाय एकमेकांना चिकटून सरळ होते. आता झोपल्यावरही ते सुटत नव्हते. टाचांमधून मी कागद घालून पाहिला. गेला नाही.

"बरा होईन ना गं मी?" त्यांनी विचारलं. चेहरा मात्र भरलेला होता. आवाज खणखणीत होता.

"बघू," मी म्हटलं.

त्यांना सांभाळायला दिवसाची बाई ठेवली. भेटायला येणारे पुन्हा येऊ लागले. भावजी पडल्या पडल्या सगळ्यांशी गप्पा मारायचे. बिचारा, लोक म्हणायचे, बायको तशी गेली आणि आता हे. आणि ते पुन्हा सांगायचे, तसंच, त्याच चालीत. "मी किती वेळा म्हटलं, दुकानातून घे." मी कोपऱ्यात बसून ऐकायची. एवढं करून तोंड त्यांचं मोकळंच होतं.

तागा संपला होता. मशीनवर झाकण घालून मी ते कोपऱ्यात सरकवलं.

त्या रविवारी आई नेहमीसारखी सूप घेऊन गेली आणि नेहमीपेक्षा लवकर परत आली. हातात एक कागदी पुडकं होतं. चपला काढल्या, हात धुतले. मग कोपऱ्यातलं मशीन स्वतः ओढत खिडकीशी उजेडात आणलं. मी मदतीला उठले तर हातानेच नको म्हणाली.

पुडक्यात कापड होतं. नवं, पांढरं. त्यावर तिने पर्समधून काढून एक दोरा ठेवला. दीड वीतभर लांब. दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या.

"हे काय?"

"झोपला होता," आई म्हणाली. "म्हणून नीट घेता आलं. घोरत होता, त्याला कळलंही नाही."

मी दोरा उचलला. रोज माणसं मोजते मी. गाठीपासून गाठीपर्यंत नजर गेली आणि ते माप कशाचं, ते मला कळलं. मानेचं. मी आईकडे पाहिलं. ती कापडाची घडी हाताने सारखी करत होती. सुपाचा डबा पुसतानाही तिचा हात असाच हलका चालतो.

"थोडं आतूनच घेतलंय मी," ती म्हणाली. "तुला शर्टाची कॉलर जमते ना गं?"